खंडेनवमीची पिन

माझ्या हातून धाकट्या भावाचं रक्त तीनदा सांडलं. पहिल्यांदा पाना मारून, दुसऱ्यांदा ढकलून, आणि तिसऱ्यांदा तर मी त्याला बोटही लावलं नव्हतं. तिन्ही वेळा आमच्या दोघांच्या मधे एकच वस्तू होती, वडिलांची टॅक्सी.

गोल दिव्यांची, काळी-पिवळी. पुढे सलग बाकासारखी एकच सीट, आणि गिअरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. वडील रोज सकाळी घोरावाडीहून लोणावळ्याला जायचे आणि दिवसभर स्टेशन ते भुशी धरण, धरण ते स्टेशन अशा पाहुण्यांच्या फेऱ्या मारायचे. पाहुण्यांशी त्यांचं बोलणं लोण्यासारखं असे. घरी आले की तोंड बंद आणि हात चालू. तुटलेला फॅनबेल्ट, इंजिनाचा रबरी पट्टा, ते कधी फेकत नसत. तो दाराआडच्या खुंटीला असे, आमच्यासाठी. दोघांना सारखाच बसायचा, त्यात मात्र त्यांनी थोरला-धाकटा केलं नाही.

मी दहाचा असेन, धाकटा सातचा. गाडी धुताना त्याच्या हातून चाकाची चकचकीत टोपी निसटली आणि गडगडत गटारात गेली. आता संध्याकाळी दोघांची सालटी निघणार हे मला कळलं आणि माझं डोकं फिरलं. हातात पाना होता, तो मी त्याच्या तोंडावर मारला. पुढचा दात अर्धा तुटला. आजही तो हसला की तो अर्धा दात दिसतो, म्हणून मी त्याला फारसं हसवायच्या भानगडीत पडत नाही.

दुसरी वेळ वडिलांच्या दहाव्याची. नदीवरून परत आलो, अंगणात माणसं बसलेली, आणि आम्ही दोघं गाडीच्या किल्लीवरून भांडायला लागलो. तो शाळेची बस चालवतो. म्हणाला, "गाडी चालवनारा मी हाय. किल्ली माजी." मी कंपनीत फिटर, गाडी चालवतो पण बेताची. तरी थोरला होतो ना. मी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. तो मागे गेला आणि बंपरवर कपाळ आपटून पडला. भुवईवर सात टाके. किल्ली माझ्याकडे राहिली. त्यानंतर चार वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. एक अंगण, दोन चुली, आणि मधे ताडपत्रीखाली ती गाडी. टायर बसले, पत्रा गंजला, उंदरांनी सीट कुरतडली. मी तिला हात लावला नाही आणि त्यालाही लावू दिला नाही.

गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतर आई डिकीतली जुनी घमेली काढायला गेली आणि आतून सहा फुटांची धामण निघाली. आई घाबरली वगैरे नाही. तिनं धामण काठीनं हाकलली आणि त्याच काठीनं आम्हा दोघांची दारं बडवली.

"आज धामण निगाली, उद्या नाग निगंल. दसऱ्यापातुर दोघांनी मिळून हिला उभी केलीत तर ठिवीन. एकट्यानं केली तर न्हाई ठिवनार. भंगारवाल्याला म्या दसऱ्याचंच बोलावलंय."

गाडी हा बहाणा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आईची भीती वेगळी होती. तिला खांदा देताना आम्ही एक पुढे, एक मागे, दोन दिशांना तोंडं करून चालणार, हे तिला दिसत होतं. तिनं ते माझ्या बायकोला बोलूनही दाखवलं होतं. मला ते ऐकून लाज वाटायला हवी होती. मला राग आला.

कामाला तिसरा माणूस हवा होता, मधे उभा राहायला. तो म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. कामशेतचं मुसलमान घर, लोणावळ्यात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. आईला मावशी म्हणतो, आणि आम्हा दोघांनाही तोंडावर शिव्या घालायचा हक्क असलेला हा जगातला एकुलता एक माणूस. दर रविवारी तो आमच्या अंगणात यायला लागला.

पहिला महिनाभर आम्ही फक्त मारलं. गंजलेला एक नट सरळ सुटेल तर शपथ. मी छिन्नी लावायचो आणि घण घालायचो. बोल्ट तुटून उडायचे, एक माझ्या कानशिलाला चाटून गेला. धाकटा दुसऱ्या बाजूला ग्राइंडरनं सडका पत्रा कापायचा आणि ठिणग्या माझ्या पाठीवर येतील असाच उभा राहायचा. मुद्दाम करत होता. माझ्या तीन बनियनांना भोकं पडली. मीही मग हातोडा त्याच्या पायाजवळ पडेल असा टाकायचो. बोलणं दोस्ताच्या मार्फत चालायचं.

"त्याला सांग, पाना दे."

"त्याला सांग, मागायचा असंल तर माज्याकडं बगून माग."

दोस्त दोघांच्या मधे बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "मी काय पोस्टमन हाय का रं भाड्यांनो?"

डाव्या दाराला मोठा पोचा होता. तो मी काढायला घेतला. आतून ठोकतोय, ठोकतोय, पोचा काही सरळ होईना. मग मी जोर वाढवला आणि जोराबरोबर रागही. दोस्तानं येऊन माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. त्यानं पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरला आणि समोरून अगदी हलके हलके टोले द्यायला लागला.

"पत्र्याला राग कळतो," तो म्हणाला. "लय ठोकलास तर तानतो. मग जल्मभर ढबढब करतो, बसत न्हाई."

धाकटा बॉनेटआडून म्हणाला, "त्याला सांग, मानसाचंबी तसंच असतंय." दोस्तानं ते मला सांगितलं नाही. मी ऐकलंच होतं.

आमचं पहिलं बोलणं इंजिनामुळे झालं. इंजिन उतरवायला गाडी अंगणातल्या शेडमध्ये ढकलून वरच्या गर्डरला चेनची कप्पी बांधली होती. इंजिन हवेत असताना कप्पीचा हूक सरकला. अख्खं धूड झोकांडी खाऊन माझ्या बाजूला आलं. "धर!" धाकटा ओरडला. मी धरलं. त्यानं चेनला लोंबकळून स्वतःचं सगळं वजन टाकलं, तळहाताची सालटी निघाली तरी सोडली नाही. इंजिन खाली टेकलं तेव्हा आम्ही दोघं धापा टाकत एकमेकांकडे बघत होतो. चार वर्षांत त्यानं मला सरळ बोललेला तो पहिला शब्द. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण सूप हलवायची थांबली.

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो म्हणजे भांडायला लागलो. गणपतीनंतर रंगावरून जुंपली. मला गाडी पांढरी हवी होती, त्याला वडिलांच्या वेळेसारखी काळी-पिवळी. मी म्हणालो, त्या रंगाची मला भीती वाटायची, संध्याकाळी पिवळं टप दिसलं की मी परसात लपायचो. तो म्हणाला, "मलाबी वाटायची. म्हनूनच तोच पायजे. आता आपुन बसायचं तिच्यात, आन् आपुनच रंगवायची." मी त्याची कॉलर धरली. त्यानं रंगाचा डबा माझ्या छातीवर उपडा केला. दोस्तानं काय करावं? प्रायमरची गन उचलली आणि आम्हा दोघांवर सोडली. दोन मिनिटांत आम्ही डोक्यापासून कमरेपर्यंत करडे झालो. बायका हसून हसून बेजार झाल्या. गाडी काळी-पिवळीच झाली.

नवा फॅनबेल्ट धाकट्यानं आणला होता. पुडीतून काढून त्यानं तो माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघंही थांबलो. नवं रबर, तोच वास. मला मांडीमागे चटका बसल्यासारखं झालं. त्याला काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण तो एक पाऊल मागे सरला होता. वडिलांपासून नाही, माझ्यापासून. बेल्ट माझ्या हातात होता ना. मी तो घाईघाईनं पुलीवर चढवून टाकला. वडील गेले तरी खुंटीवरचा बेल्ट आमच्या घरातून गेला नव्हता, तो मी वापरत होतो, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं. कळलं म्हणून वळलं असं काही झालं नाही.

खंडेनवमीचा दिवस उजाडला तेव्हा गाडीचं जवळजवळ सगळं झालं होतं. इंजिन चालू होत होतं. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्यापासून एक सळई खाली गिअरबॉक्सला जाते, तिची एक पिन तेवढी बसवायची राहिली होती. ती नसली तर दांडा कितीही हलवा, गिअर पडत नाही. पिन करंगळीएवढी, पण ती खालून, गाडीखाली झोपूनच बसते.

आता आमच्या घरचा नियम सांगायला हवा. खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलनं धुवायची, तेल लावायचं, लाल फडक्यावर मांडून हळद-कुंकू, झेंडू वाहायचा. आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वडील त्या दिवशी टॅक्सी काढायचे नाहीत. आम्हाला मारायचेही नाहीत. वर्षातला आमचा तेवढाच सुखाचा दिवस, म्हणून असेल, तो नियम मी वडिलांपेक्षाही कडक पाळतो. त्या सकाळी मी पाने, पक्कड, हातोड्या, घण, सगळं देवघरापुढे मांडलं. नव्यानं रंगवलेली चारही चाकं मांडली. मग राहिला जॅक आणि गाडी ज्यांच्यावर उभी होती त्या चार लोखंडी घोड्या. त्या मी स्वतः वेल्डिंग करून बनवल्या होत्या. हत्यारच की ते. मी जॅकनं गाडी जराशी उचलली, एकेक घोडी काढली आणि तिच्या जागी दगडावर दगड रचले. शेवटी जॅकही काढून घेतला, धुतला, कुंकू लावलं. चाकं नाहीत, घोड्या नाहीत, गाडी नुसत्या दगडांवर. आजच्या दिवस काम बंदच आहे, मग कोणाला काय होणार आहे, असा माझा हिशेब. वीस वर्षं कंपनीत दुसऱ्यांना सुरक्षेचे धडे देणारा मी, घरी हे केलं.

धाकटा शेडमध्ये आला. दोस्त रंगाचे डाग पुसत होता.

"दादा, पिन टाकून घेतो. उद्या पूजा, मग चाकं, भंगारवाला सकाळीच दारात येनार. येळ न्हाई गावायचा."

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"हत्यार न्हाई लावत. हातानं बसती ती." आणि त्यानं पिन दातात धरली आणि पाठीवर सरपटत गाडीखाली शिरला.

"भाईर ये," मी म्हणालो.

"दोन मिन्टं."

"भाईर ये म्हनतोय ना!"

"तू काय आबा हायेस व्हय?" तो गाडीखालून म्हणाला. आबा म्हणजे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

मी दाराला लाथ घातली. तेच दार, ज्याचा पोचा दोस्तानं हलक्या हातानं काढला होता. सगळ्या अंगाचा जोर काढून घातली. दगडावरचा दगड घसरल्याचा आवाज झाला, मग एक बोदा दणका, मग धाकट्याची किंकाळी. तशी किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती आणि फॅनबेल्टखालीसुद्धा तो असा ओरडला नव्हता.

गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसली होती. उजवीकडचे दगड टिकले म्हणून छाती वाचली. डावा हात मात्र चाकाच्या जागच्या लोखंडी ड्रमखाली होता. दोस्त आडवा पडून त्याला धरून होता आणि ओरडत होता, "जॅक! जॅक आन!" आणि मी उभा होतो. खरं तेच सांगतो. माझ्या मनात आलं, जॅक पूजेत आहे. मी वासा शोधायला लागलो, पहार शोधायला लागलो. भाऊ गाडीखाली ओरडतोय आणि मी शेडभर काठ्या धुंडाळतोय.

आई अनवाणी धावत आली. दोन्ही हातांत जॅक, त्यावरून झेंडू गळतोय, लाल फडकं मागं फरपटतंय. तिनं तो माझ्या पोटावर आदळला.

"देव गेला चुलीत! उचल!"

मी जॅक लावला. दांडा मारत राहिलो. हातांना तेल, हळद, कुंकू. दोस्तानं धाकट्याला ओढून काढलं तेव्हा त्याच्या हाताला काय लागलंय, कुंकू किती आणि रक्त किती, ते कळेना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चेचलं होतं. आईनं पूजेचं लाल फडकं त्याच्या हाताला गुंडाळलं आणि दोस्तानं त्याला टेम्पोत घालून तळेगावला नेलं. मी पुढे बसायला गेलो. दोस्त म्हणाला, "तू न्हाई." मी अंगणातच राहिलो.

डॉक्टरांनी एक बोट वाचवलं, करंगळी काढली. बसचालकाचा डावा हात. गिअरचा हात. धाकट्याच्या बायकोनं संध्याकाळी मला एवढंच सांगितलं आणि दार लावून घेतलं.

दसऱ्याला सकाळी आईनं उरलेल्या हत्यारांची पूजा केली, माझ्याकडे न बघता. मग मी घोड्या लावल्या, नीट लावल्या, आणि गाडीखाली गेलो. वाटलं, पिन तरी टाकावी. नंतर आठवलं, एकट्यानं केलेली चालणार नाही. तरी सळई चाचपली. पिन बसलेली होती. त्यानं ती आधीच बसवली होती, निघू नये म्हणून टोकं वाकवूनसुद्धा. तिच्यावर रक्ताचे वाळलेले शिंतोडे होते. मी तिथेच पडून रडलो. गाडीखाली रडलं तर कोणाला दिसत नाही, एवढी एक सोय असते. मग बाहेर येऊन चारही चाकं लावली.

दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी येऊन थांबला. त्याच्याच मागे दोस्ताचा. धाकटा उतरला, हात गळ्यात, बँडेजचा पांढरा बोळा डोक्याएवढा. माझ्याकडे बघितलंही नाही. आई ओट्यावरून उठली.

"दोघांनी उभी केली का?" तिनं विचारलं.

"पिन त्यानं टाकली," मी म्हणालो. "पाडली मी."

 भंगारवाला गाडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, "मावशी, ही न्यायची? ही तर नवरी दिसतीया." आईनं त्याला हातानंच थांबवलं.

धाकटा चालत गाडीपाशी गेला आणि चालकाच्या जागेवर बसला. खिडकीतून उजवा हात बाहेर काढला. मला आधी कळलंच नाही. मग मी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. चार वर्षं आणि सात टाके एवढं लागलं मला ती द्यायला. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, लागलं.

"बस," तो समोर बघत म्हणाला.

मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो. मागे आई आणि दोस्त.

"क्लच मी दाबतो. सांगीन तसा गिअर टाक. पयला."

मी त्याच्या बोळ्याला धक्का लागणार नाही असा हात घालून दांडा धरला आणि पहिला टाकला. गाडी अंगणाबाहेर पडली. त्याचा एक हात स्टिअरिंगवर, माझा एक दांड्यावर. "दुसरा." टाकला. गावाची शीव ओलांडून आपट्याच्या झाडापर्यंत जायचं होतं. रस्त्याला लोक थांबून बघत होते, कोणी तरी आबांची टॅक्सी म्हणून ओरडलं. रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली, लोकल गेली, फाटक उघडलं. "पयला," तो म्हणाला. माझं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. मी गडबडीत तिसरा टाकला. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. त्या हिसक्यानं त्याचा बोळा स्टिअरिंगवर आपटला आणि तो कळवळला.

मग त्यानं स्टिअरिंग सोडलं, वळला, आणि उजव्या हातानं माझ्या कानाखाली जाळ काढला. असा की डोळ्यांपुढे काजवे चमकले. जन्मात त्यानं माझ्यावर हात उचलला नव्हता. दात तुटला तेव्हा नाही, भुवई फुटली तेव्हा नाही, करंगळी गेली तेव्हाही नाही. मागची गाडी हॉर्न मारत होती.  मागून आई म्हणाली, "आनखी एक दे."

त्यानं दुसरी दिली नाही. किल्ली फिरवली, क्लच दाबला.

"पयला म्हनलं की पयला टाकायचा," तो म्हणाला. त्याचा अर्धा दात दिसला.

माझा गाल भाजल्यासारखा झोंबत होता, आणि मला फार बरं वाटत होतं. मी पहिला टाकला.